दुसऱ्या खणातले रशीदभाई

रशीदभाई डब्यांशी बोलायचे. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं. दुपारी जेवायला बसले की झाकण उघडायच्या आधी टिफिनवर दोन बोटांनी टकटक करायचे आणि विचारायचे, "बोल बाबा, किती मावते तुह्यात?" ऑफिसात नवीन कपाट आलं तेव्हा आम्ही सगळे मोजायची फीत घेऊन त्याच्याभोवती नाचत होतो, आणि हे त्याच्यासमोर हात जोडून उभे. "तूच सांग." जठारपेठेतल्या मिठाईवाल्याकडे अर्ध्या किलोचा खोका मागितला, तरी अर्धा किलो पेढे त्यात खरोखर बसतात का, हे खोक्याला विचारल्याशिवाय घेत नसत. मिठाईवाला शहाणा होता. तो खोक्याच्या वतीनं उत्तर देऊन मोकळा व्हायचा.

"मोजू नको, इचार." हे त्यांचं पालुपद. दिवसातून दहा वेळा. मी आकडेमोड करायला बोटं उघडली की पलीकडच्या टेबलावरून आवाज यायचाच, "ताई, मोजू नको, इचार."

माणूस वेडा नव्हता. सी या कॉम्प्युटरच्या भाषेतला अकोल्यातला सगळ्यात चांगला प्रोग्रामर होता, हे मी आज छातीठोकपणे सांगते. तेव्हा सांगितलं असतं, तर हे लिहायची पाळीच आली नसती.

त्यांचं घराणं काटेवाल्यांचं. जुन्या शहरात तराजू दुरुस्तीचं दुकान; आजोबा पितळी तागड्या करायचे, वडील लोखंडी काटे सरळ करायचे. रशीदभाईंच्या काळात इलेक्ट्रॉनिक काटे आले. एक दिवस कुठल्याशा कापसाच्या जिनिंगमधला असा काटा दुरुस्त करताना त्यांना दिसलं, की काट्यातून एक तार निघते आणि कॉम्प्युटरमध्ये शिरते. आता तार आत गेली म्हणजे आत काय होतं ते पाहायलाच पाहिजे. म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी कॉम्प्युटर क्लास लावला, पोरासोरांच्या बाकावर बसून सी शिकले आणि तिथून थेट आमच्या ऑफिसात आले.

आमचं ऑफिस म्हणजे एका कापडदुकानावरच्या तीन खोल्या. मालक गावंडे साहेब. तिथे मी अमरावतीहून इंजिनिअर होऊन दाखल झाले. जावा शिकलेली, इंग्रजीतून शिकलेली, आणि त्याचा जेवढा माज असावा त्याच्या दुप्पट असलेली. रशीदभाईंना पाहून मला हसू यायचं. कीबोर्डवर ते रुमाल अंथरायचे, आणि रुमालाखालची अक्षरं त्यांना न बघता सापडायची. प्रोग्रामातल्या चुकांचे निरोपही त्यांनी वऱ्हाडीत लिहिलेले. काट्याची तार निघाली की गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर यायचं, "तार कोन हालवून राहिलं?" आकड्याच्या जागी अक्षर दाबलं की, "काहून बे?" गावंडे साहेबांनी लाजून ते सगळं इंग्रजीत करायला लावलं, तर दुसऱ्या दिवसापासून तालुक्यातालुक्यांतून फोन सुरू झाले. लोकांना काय बिघडलं तेच कळेना. शेवटी आठवड्याभरात पुन्हा वऱ्हाडी आली.

त्या वर्षी मूर्तिजापूरजवळच्या एका खासगी कापूस खरेदी केंद्राचं काम आम्हाला मिळालं. मी मूळची तिकडचीच. माझं गाव तिथून दोन कोसांवर, काका अजून कापूस पेरतात. ती वर्षं कशी होती ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. गावाकडून फोन आला की बोलणं ऐकायच्या आधी आम्ही समोरच्याचा आवाज कसा आहे ते ऐकायचो. अशा वर्षात खरेदी केंद्रावरून कापूस परत पाठवणं म्हणजे काय, हे ऑफिसात कुणाला ठाऊक नसलं तरी मला ठाऊक होतं.

काम असं होतं. गाडी आली की ऑपरेटर शेतकऱ्याचा नंबर, कापसाचा ओलावा आणि प्रतीचं अक्षर माझ्या जावाच्या स्क्रीनवर भरणार. ते सगळं आत रशीदभाईंच्या सीकडे जाणार. सी ठरवणार, कापूस कोरडा की ओला. कोरडा असेल तर वजनकाटा सुरू होणार, ओला असेल तर पावती छापून माल परत.

आता जावा आणि सी या दोन बिऱ्हाडांचं आपसांत जमत नाही. मधे भिंत. भिंतीला एक फट. त्या फटीतून मी सामान सरकवायचं आणि पलीकडे रशीदभाईंच्या प्रोग्रामानं ते घ्यायचं. पलीकडचा काही वाचून पाहत नाही. कॉम्प्युटरच्या स्मरणातले इवलेसे कप्पे म्हणजे घरं; अमक्या घरापासून तमक्या घरापर्यंत अमकी वस्तू, एवढंच तो जाणतो. त्यात भर म्हणजे ते सामानही डब्यात डबा असं होतं. बाहेरचा डबा गाडीचा, आणि त्याच्या पोटात पाच खण, एकेका शेतकऱ्याचा एकेक.

हे मला समजावं म्हणून रशीदभाई घरून मिसळणाचा डबा घेऊन आले. गोल डबा, आत गोल वाट्या. हळद तशीच होती. ती दोन दिवस माझ्या कीबोर्डला लागत राहिली. वाट्यांच्या मधली फट दाखवून म्हणाले, "हे काय हाये?"

"रिकामी जागा."

"रिकामी नाई. हे डब्याचं हाये. सी आपल्या सोयीनं आत जागा सोडते. किती सोडते ते तुले माईत नाई, मले माईत नाई. म्हनून म्या तुह्यासाठी एक फंक्शन लिहून ठेवलं. त्याले इचारजो, बाबा, एक खण किती घरांचा? तो सांगीन. बोटावर मोजू नको."

मी मान डोलावली. आणि ते जेवायला गेल्याबरोबर बोटावर मोजलं. नंबराला आठ घरं, ओलाव्याला चार, प्रतीच्या अक्षराला एक. आठ, चार आणि एक, तेरा. हे विचारायला फंक्शन कशाला पाहिजे? हळदीच्या डब्याला विचारत बसण्याइतकी मी अडाणी नव्हते. प्रोग्रामात सरळ तेरा लिहून टाकले.

खण सोळा घरांचा होता. शेवटी तीन घरं सीनं आपल्या सोयीनं सोडली होती.

चाचणी घेतली. एक गाडी, एक शेतकरी. झकास. एकच शेतकरी असेल तर पुढची तीन घरं कुणाला आडवी येत नाहीत. पुन्हा एक गाडी, एक शेतकरी. झकास. गावंडे साहेबांनी पेढे मागवले.

मला आजही लाज वाटते ती इथे. एका गाडीत एक शेतकरी, हे चित्र पुस्तकातलं. आमच्याकडे पाच एकरवाला माणूस एकट्यासाठी ट्राली सांगत नाही. चार जण मिळून सांगतात. मी स्वतः लहानपणी तशा ट्रालीत कापसावर लोळत बाजाराला गेले आहे, खाली आमचा, वर जाधवांचा, मागे आणखी कुणाचा. ऑफिसात बसलेलं एखादं पुण्याचं पोर अनेक शेतकऱ्यांची ही चाचणी विसरलं असतं तर मी त्याला धारेवर धरलं असतं.

केंद्र सुरू झालं. पंधरा दिवसांनी रविवारी गावी गेले, तर काका ओसरीवर खुशीत.

"तुमच्या कॉम्प्युटरची मेख सापडली बरं आमाले," ते म्हणाले. "दोन नंबरावर नाव टाकलं का कापूस ओला. कितीबी वाळवून ने, ओलाच! अन् तीन नंबरावर टाकलं का कोरडा. परवा माहा चांगला दवात भिजलेला होता, तरी कोरडा!"

"सगळ्यांचंच असं होतं?"

"समद्याइचं. आता तं टरालीत भांडनं होऊन राहिले, दोन नंबरावर कोन म्हनून. कोनीच तयार नाई. मंग जे बोलत नाई त्याले टाकते लोकं. ते कमलाबाई नाई का, ढोराइच्या वाटेवरची? तिले तीनदा टाकलं. तीनदा गठोडं घेऊन वापस आली बिचारी. म्हने, माह्या वावरातल्या पऱ्हाटीतच खोट हाये."

काका हसत होते. माझ्या डोक्यात तेरा आणि सोळा शेजारी येऊन उभे राहिले. पहिला खण बरोबर जागी. दुसरा तीन घरं अलीकडे सरकलेला; त्याच्या ओलाव्याच्या जागी सीला प्रतीचं अक्षर सापडत होतं, आणि अक्षराचा आकडा केला तर तो हजारोंच्या घरात जातो. हजारो टक्के ओला कापूस. तो आकडा स्क्रीनवर दिसला असता तर ऑपरेटरलाही शंका आली असती. पण आकडे कुरूप दिसतात म्हणून मी ते झाकून फक्त लाल अक्षरांत 'ओला' असं दाखवलं होतं. ती शोभाही माझीच. तिसऱ्यापासून पुढच्यांच्या वाट्याला जवळजवळ शून्यच येत होतं, म्हणून ते कायम कोरडे.

संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला परतले.

सोमवारी ऑफिसात केंद्राचं तक्रारीचं पत्र आलं होतं. गावंडे साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "कोरडा-ओला कोण ठरवतं?"

"माहा प्रोग्राम," रशीदभाई म्हणाले.

"मग चूक कोणाची?"

रशीदभाईंनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. पत्रात 'दुसऱ्या क्रमांकाचा माल' असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि ते वाचताना त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर टकटक करत होती. मग माझ्याकडे वळले. आवाज अगदी साधा. "ताई, तू डब्याले इचारलं होतं ना? खण किती घरांचा म्हनून?"

"हो," मी म्हणाले. "विचारलं होतं."

त्यांनी माझी फाइल उघडली असती, तर तेराचा आकडा तिसऱ्याच ओळीत होता. माझा कॉम्प्युटर त्यांच्या हाताशी होता. त्यांनी उघडली नाही. ते साहेबांकडे वळले आणि म्हणाले, "मंग माह्याइथंच असन चूक."

साहेब बरंच बोलले. तुमचं सी जुनं झालं, तुमचं वय झालं, नागपूरच्या एका मुलाकडून हे सगळं नवीन लिहून घेतो, तुम्ही आता दुकानच बघा. रशीदभाईंनी रुमालाची घडी केली, मिसळणाचा डबा पिशवीत टाकला आणि जिना उतरून गेले. मी खिडकीतून पाहिलंही नाही.

दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची होती. तेरा खोडायचे, सोळा लिहायचे. पण ती लगेच केली असती तर बिघाड जावाच्या बाजूचा होता हे उघड झालं असतं. म्हणून मी नागपूरच्या मुलाची वाट पाहिली. त्याचं काम आलं की त्याच्या आड माझे सोळा गुपचूप सरकवायचे, असा माझा बेत. तो मुलगा आज देतो, उद्या देतो करत राहिला. आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत दुसऱ्या नंबरावरच्या किती माणसांनी गठोडी परत नेली असतील, हा हिशेब मी कटाक्षानं केला नाही. एरवी बोटावर मोजायची मला भारी हौस.

नवव्या दिवशी राहवलं नाही. स्क्रीनचे रंग बदलायचे आहेत, असं साहेबांना खोटंच सांगून सकाळच्या गाडीनं मूर्तिजापूरला गेले. केंद्रावरचे ऑपरेटर डोंगरे भले गृहस्थ. ओलावा मोजायचं मीटर आठ टक्के दाखवतंय आणि कॉम्प्युटर ओला म्हणतोय, तरी तुम्ही माल परत कसा पाठवता, असं मी विचारलं, तर हात वर करून म्हणाले, "मॅडम, मीटर आठ म्हनते, कॉम्प्युटर ओला म्हनते. आता मी कोन?"

"लोक चिडत असतील."

"आता नाई चिडत. आता दोन नंबरावाला मानूसच ठरला. येक बुवा रोज येते अकोल्यावून. गेटावर उभा राह्यते अन् हरेक टरालीवाल्याले म्हनते, मले दोन नंबरावर टाका. म्या बी टाकून देतो. दिवसभर त्याचा कापूस ओला. चारशे ग्राम तं असन, उशीतला वाटते!" डोंगरे हसले. "डोकं फिरलं असन बिचाऱ्याचं. पन मानूस कामाचा. तीन नंबरापासून पुढच्याइची सरकी दाताखाली फोडून पाह्यते. दमट लागली का त्याइले म्हनते, आंगनात पसरवा, दुपारून या. कॉम्प्युटरनं कोरडा सांगितला तरी घेऊ देत नाई."

मी खिडकीतून पाहिलं. गेटाशी ट्राल्यांची रांग होती, आणि एका ट्रालीच्या चाकापाशी रशीदभाई उभे होते. बगलेत उशीचा अभ्रा, कापूस भरलेला, तोंड सुतळीनं बांधलेलं. कुणीतरी त्यांना चहा देत होतं. शेजारी एक म्हातारी बाई आपलं गठोडं सांभाळत बसली होती, आणि रशीदभाई हातवारे करून तिला समजावत होते की तिनं आपलं नाव तिसऱ्या नंबरावर सांगायचं.

मला खरं तर तिथून पळून जावंसं वाटलं. पण हातात सीडी होती. बसले, सोळा घातले, प्रोग्राम पुन्हा सुरू केला. या वेळी फंक्शनला विचारलंही. तेही सोळाच म्हणालं.

ट्राली आत आली. पहिला, कोरडा. दुसरा, रशीदभाई. डोंगऱ्यांनी सवयीनं 'परत'च्या पावतीसाठी हात पुढे केला, आणि स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं, 'कोरडा'. बाहेर काटा सुरू झाला.

रशीदभाई गोंधळले. आठ दिवसांत त्यांच्यावर हा प्रसंगच आला नव्हता. लोक ओरडले, "अरे, पास झाला! रशीदभाई पास झाला! टाका काट्यावर!" कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्यांनी उशीचा अभ्रा छातीशी घट्ट धरला आणि म्हणाले, "अरे नाई बे, हे इकाचं नाई, हे माह्या डोक्याखालचं हाये." एवढ्यात त्यांना खिडकीत मी दिसले.

आत आले. मी उठून उभी राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"तेरा होते, रशीदभाई. मी विचारलं नव्हतं."

"माईत हाये," ते म्हणाले. "पत्र वाचलं तवाच समजलं. दुसराच नेमका ओला, म्हंजे तीन घरं सरकले."

"मग बोलला का नाहीत?"

"तुह्यं नवीन हाये, ताई. चूक कोनाची बी होते. पन नवीन मानसाची चूक लोकं लई दिवस ध्यानात ठेवते. माह्यापाशी दुकान तरी हाये."

मी डोंगऱ्यांच्या टेबलावरचा फोन ओढला आणि साहेबांना लावला. सांगायचं पाठ केलं होतं. साहेबांचा आवाज आला आणि तोंडून निघालं, "सर, चूक सापडली. आता चालू झालं." साहेब म्हणाले, "शाब्बास! बघ, म्हाताऱ्याचं निस्तरावं लागलं ना तुला?" मी म्हणायला हवं होतं, नाही सर, माझं. रशीदभाई हातभर अंतरावर उभे होते, साहेबांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. मी फोन ठेवला.

कुणाला वाटेल, ते रागावले असतील. ते खिडकीबाहेर पाहत होते. तिसऱ्या नंबरावरची ती म्हातारी काट्यावर गठोडं ठेवत होती, आणि तिचाही कापूस कोरडा निघाला होता, खरोखरचा कोरडा.

"मंग उद्यापासून यायचं काम नाई," ते म्हणाले. त्या बोलण्यात सुटल्याचा आनंद नव्हता. मी चमकून पाहिलं.

"बरे गेले आठ दिवस," ते अभ्र्याची सुतळी पुन्हा घट्ट करत म्हणाले. "गाडीत कोनी जागा देते. इथं कोनी च्या पाजते. गेटात पाय ठेवला का लोकं इचारते, रशीदभाई, आज पयले कोन्या टरालीत? बायको गेल्यापासून घरी कोनी इचारत नाई, ताई. जेवला काय, येवढं बी नाई."

त्यांची बायको गेलेली आहे, हे मला त्या दिवशी कळलं. दोन वर्षं शेजारच्या टेबलावर बसून. ती कधी गेली, ते विचारायचंही धाडस झालं नाही. आमच्या ऑफिसात असतानाच गेली असेल तर?

"आणि ऑफिसात?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. मला लागू नये असं काहीतरी शोधत असावेत. "ऑफिसात तुमी लोकं कामात असता."

बाहेर पुढची ट्राली आत येत होती. आता कुणी कुठल्या नंबरावर आहे याला काही महत्त्व उरलं नव्हतं, आणि हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. ट्रालीवरून एक जण हाक मारत होता, "ओ रशीदभाई! चाला ना! दोन नंबर खाली हाये!"

"तरीही येत जा ना तुम्ही," मी म्हणाले. "लोकांना बरं वाटेल."

"कोन्या नंबरावर?" त्यांनी विचारलं.

थट्टा नव्हती ती. उशी बगलेत धरून ते उत्तरासाठी थांबले होते. बाहेरचा माणूस हाका मारत राहिला.